रेषा वळल्या होत्या

महानंदा मॅडमच्या धाकट्या भावाचा, शरणूचा, फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत दगडांचे खण पुसत होतो. "ताई गेली हो, मल्लूअण्णा. सकाळी चहा मागितला न् गेली." मी 'बरं' म्हणालो. बरं काय म्हणालो, कुणास ठाऊक. याला पाच आठवडे झाले. महानंदा मॅडमवर लिहा, इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली होतात, असं पेपरच्या पुरवणीवाल्यांनी सांगितल्यापासून मी रोज लिहायला बसतो आणि उठतो. गुण लिहायला सोपे आहेत. राहिलेलं लिहायला हात धजत नाही...

मॅडम मूळच्या मंद्रूपच्या. घरात कन्नड, वर्गात मराठी, चिडल्या की दोन्ही. शिकवायच्या भूशास्त्र, जीव मात्र प्रवाळांच्या जीवाश्मांत. तेही सोलापुरात बसून! इथला काळा दगड लाव्हाचा, त्यात समुद्रातलं काही सापडायचं नाही. घराघरांतली शहाबादी फरशी समुद्रातलीच, पण एखादा नवा मुलगा तिच्यात शिंपले शोधू लागला की मॅडम म्हणायच्या, "ऊठ रे, गुडघे दुखतील. ही फरशी झाली तेव्हा शिंपला नव्हता, प्रवाळ नव्हतं. लई आधीची आहे ती." म्हणून त्या मुलांना घेऊन कच्छला जायच्या आणि पिशवीभर दगड आणायच्या. हेडक्लार्क बोटातलं पोवळं दाखवून विचारायचा, "मॅडम, यातलं एखादं मंगळाला चालेल का?" "चालेल की. बोट तेवढं हत्तीचं लागेल."

दगड बघायची त्यांची एक सवय होती. अंगठा जिभेला लावायचा आणि दगडावर फिरवायचा. ओल्या दगडात कोरड्यात न दिसणाऱ्या रेषा वर येतात. अशाच एका कापलेल्या प्रवाळात त्यांना बारीक नळी दिसली, कुठल्याशा किड्याची. प्रश्न एवढाच, की किडा आला तेव्हा प्रवाळ जिवंत होतं का? मेलेल्या प्रवाळात भोक पाडलं असेल तर वाढीच्या रेषा सरळ तुटतात. जिवंत असेल तर प्रवाळ त्या पाहुण्याला जागा देत वाढतं, रेषा वळतात. मॅडमना वळलेल्या दिसल्या होत्या. दोघं एकत्र जगले, असा शोधनिबंधही लिहून तयार होता. खात्रीसाठी त्या दगडाच्या एका अर्ध्याचा पातळ काप करायचं काम माझं. काचेवर पूड टाकून घासत जायचं, उजेड आरपार जाईपर्यंत. "पुरण वाटल्यासारखा घासू नकोस," त्या बजावून गेल्या. निम्मं घासून झाल्यावर मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. रेषा वळल्या होत्या. स्वच्छ. आणखी थोडा पातळ करू म्हणून बसलो... शेजारच्या खोलीत मॅच लागली होती, कान तिकडे. बघतो तर काप घासून संपलेला, काचेवर नुसता करडा चिखल.

सांगितलं असतं तर शिव्या बसल्या असत्या, दोन्ही भाषांत. पण माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी त्याच पिशवीतल्या दुसऱ्या प्रवाळाचा काप केला आणि त्यावर पहिल्या दगडाचा नंबर चिकटवला. त्यातलं भोक मेल्यावरचं होतं. मॅडम बराच वेळ डोळा लावून बसल्या. मग म्हणाल्या, "मेल्यावरच आलाय रे, मल्लू. मलाच हवं ते दिसत होतं." दुसरा अर्धा दगड त्यांच्याजवळ होता, पण त्यांनी विश्वास ठेवला माझ्या कापावर, स्वतःच्या डोळ्यावर नाही. निबंध खणात गेला. पुन्हा काही लिहून पाठवलं नाही त्यांनी. "आपलं शिकवणंच बरं," म्हणायच्या, आणि मी मान हलवायचो. वीस वर्षं हलवली. शेवटच्या आजारात सांगायचंच म्हणून गेलो होतो. त्यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मी मलमाचं नाव सांगितलं आणि परत आलो.

गेल्या रविवारी त्यांच्या घरी गेलो. तो अर्धा दगड टेबलावर, जुन्या वर्तमानपत्रांवर ठेवलेला. शरणूला सगळं सांगितलं, इथं लिहिलंय तसंच.

"म्हंजे ताईचं बरोबर होतं?"

"होय."

"आन् तिला कुणी सांगितलं न्हाय."

मी अंगठा ओला करून दगडावर फिरवला. नळी वर आली, तिला वळसा घालून गेलेल्या रेषा वर आल्या. पंख्याखाली दगड लगेच वाळला, पुन्हा करडा. शरणूनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

"थांबा, मला नीट दिसलं न्हाय," म्हणाला, आणि त्यानं अंगठा जिभेला लावला.