एकदाच विचारतात

फ्रेंचच्या पहिल्या तासाला मला कॉफी मिळाली नाही. दुसऱ्या तासालाही नाही. फिल्टरमधून ठिबकणाऱ्या कॉफीचा वास घरभर पसरलेला, समोर ट्रेमध्ये दोन टंबलर, आणि बाई ते दोन्ही एकट्या प्यायल्या. माझ्यादेखत.

मला फ्रेंचची हौस वगैरे काही नव्हती. मी सांगलीची, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनियर, चेन्नईबाहेरच्या एका गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला. लग्नाचा अल्बम छापून यायच्या आत माझ्या नवऱ्याला त्याच्या कंपनीने फ्रान्समध्ये लियोंला पाठवलं. आमच्या कारखान्याचे मालक फ्रेंच आणि त्यांचा एक कारखाना नेमका लियोंजवळ. तिथे इथल्या एका इंजिनियरला दोन वर्षांसाठी नेणार होते, मात्र तिथल्या कामगारांशी फ्रेंचमधून बोलता यायला हवं, अशी अट होती. मला ती जागा हवी होती. नवऱ्याबरोबर एका घरात राहायचं होतं, एवढंच. फोनवर संसार करून मी वैतागले होते. भांडायचं म्हटलं तरी मी जिंकत आले की नेमकं त्याचं नेटवर्क जायचं.

ऑफिसातली एक तमिळ मैत्रीण म्हणाली, "नुंगंबाक्कमला एक मॅडम घरी शिकवतात. तुमच्यातल्याच आहेत, मराठी." मला वाटलं, पुण्याच्या असतील. निघाल्या तंजावरच्या. मुलींच्या शाळेत आयुष्यभर फ्रेंच शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, काठाची सुती साडी आणि कानात हिऱ्याच्या कुड्या. त्यांचे पूर्वज कधीतरी राजाबरोबर दक्षिणेत आले आणि इथलेच झाले. त्यांचं मराठी ऐकून मला हसू यायचं. हेल तमिळ आणि शब्द आमच्या पणजीच्या तोंडचे. त्यांना माझ्या मराठीची कीव यायची. "तुमचं मराठी म्हणजे रेडिओवर बातम्या वाचल्यासारखं गे," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सुनावलं.

त्यांची शिकवायची पद्धत त्यांची स्वतःचीच होती. दर शनिवारी-रविवारी सकाळी मी टी. नगरहून बसने, साड्यांच्या पिशव्या घेतलेल्या बायकांच्या कोपरांमधून वाट काढत यायची. बेल वाजवली की मी पाहुणी आणि त्या यजमानीण. हॉलमध्ये तासभर फक्त फ्रेंच. तिथे त्यांना 'मादाम' म्हणायचं, आणि त्याही मला आदरार्थी बोलायच्या. तास संपला की चष्मा काढून म्हणायच्या, "आत ये गे." स्वयंपाकघरात फ्रेंचला बंदी. तिथे त्या मावशी. त्यांच्या सासूच्या काळापासून त्या घरात हीच रीत होती: फाटकापाशी तमिळ, चुलीपाशी मराठी. नोकरी लागल्यावर मधल्या हॉलमध्ये फ्रेंच तेवढं त्यांनी आणून बसवलं.

तर कॉफी. मादामनी फ्रेंचमधून विचारलं, कॉफी घेणार का? मला तोवर आलेल्या दोनच शब्दांत मी ऐटीत म्हणाले, "नों, मेर्सी." नको, धन्यवाद. आता सांगलीत वाढलेलं कोणीही सांगेल की पहिलं 'नको' हे नुसतं बोलायचं असतं. त्यावर यजमानीण म्हणते, "असं कसं, घ्या की." मग आपण म्हणायचं, "आत्ताच घेऊन निघाले." ती म्हणते, "अर्धा कप तरी." मग आपण मोठ्या मनाने अर्धा कप घ्यायचा आणि तो भरलेला असतो. एकदाच विचारून गप्प बसणाऱ्या घराबद्दल आमच्याकडे वर्षानुवर्षं बोललं जातं. माझ्या आत्याने तर एका सोयरिकीला याच कारणावरून नाक मुरडलं होतं.

मादाम "बों", म्हणजे बरं, म्हणाल्या आणि टंबलर स्वतःच्या तोंडाला लावला. मी दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत बसले. त्यांनी दुसरा टंबलरही उचलला. मला असा राग आला, की त्या दिवशीच्या क्रियापदांतलं मी एकही नीट म्हटलं नाही.

आणि हीच बाई तासानंतर स्वयंपाकघरात ताट वाढून बसवायची. चिंचेचं सांबारं, उडदाचं पीठ दह्यात कालवलेली डांगर पच्चडी, वर तुपाची धार. "नको मावशी, पोट भरलं," म्हटलं की, "काय भरलं? चिमणीएवढं खाल्लीस," म्हणत आणखी भात. हात आडवा धरला तर हाताच्या बाजूने. बाहेर उपाशी ठेवायचं आणि आत जीव जाईस्तोवर खाऊ घालायचं. एकदा मी न राहवून विचारलं, "मावशी, बाहेर एक कप कॉफी द्यायला काय होतं तुम्हाला?"

त्या पातेलं घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते लोक एकदाच विचारतात गे. परत नाही विचारत." मला वाटलं, शिस्त असेल शाळेतली.

हळूहळू मी शहाणी झाले. कॉफीचं विचारलं की फट्दिशी "वुई", म्हणजे हो, म्हणायला लागले. पहिल्या वेळी स्वतःच्याच हावरटपणाची लाज वाटून कान गरम झाले. मादामनी टंबलर माझ्यापुढे सरकवला आणि पहिल्यांदाच हसल्या. ती कॉफी मला अजून आठवते, कारण तिच्यात साखर घालायची राहिली होती आणि साखर मागायचं फ्रेंच मला येत नव्हतं.

पावसाळा संपता संपता लियोंचे साहेब चेन्नईला आले. माझी मुलाखत छान झाली. ब्रेकची जोडणी, कामगारांच्या पाळ्या, सगळं मी फ्रेंचमधून सांगितलं. चुका झाल्या, पण साहेब उंच, शांत गृहस्थ होते, वाक्य पुरं होईपर्यंत थांबायचे. शेवटी पेन खाली ठेवून ते म्हणाले, "तुमचं काम मला आवडलं. आमच्याकडे यायला आवडेल तुम्हाला?"

आत काळीज उड्या मारत होतं. आणि माझं तोंड म्हणालं, "नों, नों. माझ्याहून अनुभवी लोक आहेत इथे."

का म्हणालं? कॉफीला हो म्हणायचं मी शिकले होते, पण ही कॉफी नव्हती. एवढी मोठी गोष्ट पहिल्या फटक्यात घ्यायची म्हणजे आपल्याकडे हपापलेपणा. मी नम्रपणे मान खाली घालून दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत राहिले. साहेब म्हणाले, "स्पष्ट सांगितलंत, आभारी आहे." हात मिळवला आणि जेवायला निघून गेले. मी मात्र त्या रिकाम्या खोलीत, ते परत येऊन "अहो, असं कसं" म्हणतील म्हणून थोडा वेळ उभी होते.

मग रिक्षा केली आणि थेट नुंगंबाक्कम. वाटभर रडले. रिक्षावाल्याने आरशातून बघून रेडिओ बंद केला, त्याने आणखी रडू आलं. मावशींनी दार उघडलं, मला बघितलं आणि हॉल ओलांडून सरळ स्वयंपाकघरात नेलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, फाडून खातील. त्या स्टुलावर बसल्या.

"मी नवीन शिक्षीण होते," त्या म्हणाल्या. "शाळेची मोठी बाई फ्रेंच. ती घरी आली, सासऱ्यांच्या समोर विचारली, वर्षभर पॅरिसला शिकायला जातीस का म्हणून. मी म्हटलं, नको. परत विचारेल, तवा सासरे सांगतील जा म्हणून, असं मनात. ती काफी घेतली आणि गेली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शिक्षिणीचं नाव फळ्यावर."

"मग?"

"मग काय. ती जाऊन आली, एक लोकरीचा कोट घेऊन. मद्रासमध्ये लोकरीचा कोट." त्या क्षणभर हसल्या. "पॅरिसचे रस्ते मी अस्के मुलींना, सगळ्या सगळ्यांना, तोंडपाठ शिकवले. अजून पाहिले नाही."

त्या दोन टंबलरांवर मी काढलेला सगळा राग मला आठवला आणि फार वाईट वाटलं. मावशी मात्र पुढच्याला लागल्या होत्या. "कधी जातोय तो तुझा साहेब?"

"रविवारी."

"शनिवारी जेवायला बोलाव. इथं."

"मावशी, त्यांनी एकदा विचारलं, विषय संपला. तुम्हीच शिकवलंत."

"ते त्याच्या घरात. माझ्या घरात माझी रीत."

फ्रेंच माणसाला कोणी घरी जेवायला बोलावलं तर तो नाही म्हणत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. साहेब फुलं घेऊन आले. केळीच्या पानासमोर मांडी जमेना, म्हणून टेबलावर पान मांडलं. मावशी त्यांच्याशी असं झुळझुळ फ्रेंच बोलत होत्या की साहेबच अडखळायला लागले. पहिला भात झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला साहेब म्हणाले, "नों, मेर्सी." मावशींनी वाढला. त्यांनी तो इमानाने संपवला. पुन्हा वाढायला आल्यावर त्यांनी दोन्ही हात पानावर धरले, "नों, मादाम, खरंच." मावशींनी डाव्या अंगठ्याच्या बाजूने सांबारं सोडलं. साहेबांच्या कपाळावर घाम आला. ते माझ्याकडे, बुडणाऱ्याने काठावरच्याकडे बघावं तसे बघत होते.

"मी नको म्हणालो ना?" त्यांनी मला विचारलं.

मावशी डाव हातात धरून थांबल्या आणि माझ्याकडे पाहिलं. आता त्या एक शब्द बोलणार नव्हत्या, हे मला कळलं.

"साहेब," मी फ्रेंचमधून म्हणाले, आणि व्याकरणाला त्या दिवशी सुट्टी दिली, "आमच्याकडे पहिलं नको खरं नसतं. कोणी ते खरं धरत नाही. तुम्ही मला एकदाच विचारलंत."

त्यांनी आपल्या पानाकडे पाहिलं, डावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. समजायला थोडा वेळ लागला. भातही बराच झाला होता. मग त्यांनी हात पुसले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "तर मग, आमच्याकडे यायला..."

"वुई," मी म्हणाले. तोंडात घास होता. वाक्य पुरं होऊ दिलं नाही, याबद्दल मादामनी नंतर माझी चांगली कानउघाडणी केली.

मी लियोंला निघायच्या आधीच्या रविवारी शेवटचा तास झाला. हॉलमध्ये कॉफी विचारली गेली, मी वुई म्हणाले, साखरही मागितली. मग चष्मा उतरला आणि आम्ही आत गेलो. मावशी टंबलर विसळत होत्या.

"मावशी, तुम्ही आमच्याकडे या. लियोंहून पॅरिस लांब नाही. मी नेईन."

"नको गे. ह्या वयात कुठं?"

"याच तुम्ही. उन्हाळ्यात या."

"नको म्हटलं की. गुडघे आहेत, घर आहे, झाडांना पाणी कोण घालील?"

"मावशी, तुम्ही यायचंय."

त्यांनी नळ बंद केला. टंबलर पालथा घातला, पदराला हात पुसले, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तिथं थंडी फार असती का गे?"