जित्या मरळीचा भाव

आमच्या तलावातली मरळ तीन दरांनी विकली जायची. जंगल खात्याच्या बंगल्यावर आठ आणे, बाजारात पाच आणे आणि नात्यागोत्यात तीन. मासळी तीच, विकणारी माझी मायच. गिऱ्हाइकाचं तोंड पाहून ती भाव सांगायची. सिंदेवाहीकडच्या आमच्या मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यातून नागपूरच्या कॉलेजात गेलेला मी पहिला. माझं मेसचं जेवण त्या बंगल्याच्या आठ आण्यांवर चालायचं, हे मी तेव्हाही लपवलं नाही, आज तर मुळीच नाही.

बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. उन्हाळ्यात घरी आलो, तर माय बंगल्यावरून भरली टोपली घेऊन परत आलेली.

"खानसामा म्हणे, बाई, तुमची जाऊ सहा आण्यात देऊन राह्यली!"

म्हणजे काकी मायकडून तीन आण्यांत घ्यायची आणि बंगल्यावर सहाला विकायची. माय तशीच काकीच्या अंगणात शिरली. मी मागोमाग.

"जाऊबाई, माह्याच मरळीनं माह्यं गिऱ्हाईक तोडता?"

"तू विकली, म्या विकली. घरचा भाव तूच देल्ला ना?" काकी तांदूळ निवडत होती, मानही वर केली नाही.

घरचा भाव बंद करायची सोय नव्हती. मोठं जाळं ओढायला दुसऱ्या टोकाला काकीचंच घर लागायचं.

घरी येऊन माय म्हणाली, "आता सगळ्यायले एकच भाव. पाच आणे."

"मंग बंगल्याचे तीन आणे बुडाले," मी म्हटलं. "अन् पाच आणे मागितले तर काकीकडचे जाळ्याले हात लावतीन का?"

"मंग सगळ्यायले आठ."

"आठ म्हटल्यावर बाजार उठून जाईन. मासळी दुपारीच नासन."

"बाप्पा! काईच करता येत नाई, हेच शिकवतेत काय तुह्या नागपुरात?"

शिकवलं होतं, पण वेगळं. एकच माल दोन दरांनी विकायचा तर स्वस्तातला माल महागाच्या दारात पोचता कामा नये. पुस्तकात ते वाचताना मला मायच दिसली होती. आता मात्र डोळ्यांसमोर मरळ होती. पाण्याबाहेर काढली तरी बराच वेळ दम धरणारी.

"माय, बंगल्यावर जिती नेऊ. घागरीत पाणी घालून. बाजारात अन् घरच्यायले मेलेली."

माय लगेच पळसाची पानं आणायला निघाली. घागरीच्या तोंडावर बांधली नाहीत तर मरळ वाटेतच उडी मारते.

बंगल्यावर खानसाम्यानं पानं सोडली आणि एक मरळ थेट त्याच्या छातीवर आपटली.

"अरे, ये तो जिंदा है!" तो ओरडला, पण खूश दिसला. साहेबाला दाखवायला घागर उचलून आत घेऊन गेला. परत येऊन विचारलं, "भाव?"

आमचं आठ ठरलं होतं. माय म्हणाली, "नऊ आणे, भाऊ."

मी जमिनीकडं पाहत राहिलो. त्यानं नऊ आणे मोजून दिले. त्या उन्हाळ्यात मायचा एकही मासा बंगल्यावरून परत आला नाही, आणि माझी नागपूरची गाडी ठरली.

निघायच्या आदल्या दिवशी काकी आली, हातात रिकामी घागर.

"मलेही चार जित्या दे. घरच्या भावानं."

मायनं टोपलीतल्या चार मरळी काढल्या, एकेकीच्या डोक्यावर बत्ता हाणला आणि काकीच्या घागरीत टाकल्या.

"घरच्या भावात अशाच येतेत, जाऊबाई. उद्या जाळ्यावर लवकर या."