फोटोतला पूल

चहा घ्या आधी. मी किती शहाणा आहे, ते रिकाम्या पोटी सोसायचं नाही तुम्हाला!

आमच्या तालमीच्या ग्रुपवर कुणी काही फॉरवर्ड केलं, की "हे कुठनं आलं?" असं दरडावून विचारणारा मीच. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणं आपल्या रक्तातच नाही.

तर गेल्या पावसाळ्यात चंदगडकडचा मामा गेला. आईचा एकुलता एक भाऊ. मामेभावाचा फोन आला, "आत्तीला घिऊन ये. तिनं तोंड बघितल्याबिगर उचलत न्हाय. पण लांबच्या रस्त्यानं ये."

लांबच्या रस्त्यानं? आणि मी? अहो, नदीवर नवा पूल झाला होता! तिकडच्या एका पुढाऱ्याच्या अधिकृत पेजवर फोटो होता. नारळ, फीत, वर ठळक अक्षरांत 'दिलेला शब्द पूर्ण'.

गाडीत आई म्हणाली, "त्यो तितंच ऱ्हातोय न्हवं? त्याला ठावं असंल की."

"आई, खेड्यात अफवा लय. ही पक्की माहिती हाय!"

आजरा मागं टाकलं, नदीवर पोचलो. रस्ता सरळ पाण्यात गेलेला! मधोमध दोन अर्धवट खांब, त्यांवर बगळे.

काठावर एक म्हातारा म्हशी घेऊन उभा होता. "पावणं, कुठं निघालायसा?"

"पुलावरनं पलीकडं."

"कंच्या पुलावरनं?"

मी फोन त्याच्या नाकापुढं धरला. त्यानं डोळे बारीक करून बघितलं. "लय भारी झालाय की! कुठल्या गावात हाय ह्यो?"

परत फिरून लांबच्या रस्त्यानं जायचं म्हणजे संध्याकाळच. तेवढ्यात मामेभावाचा फोन. "पाऊस वाढला रं, माणसं थांबंनात. आत्ताच अग्नी दिला."

पलीकडच्या काठावर, मामाच्या गावच्या स्मशानाच्या पत्र्याखालून धूर निघत होता. आईनं इथूनच हात जोडले. "दादा, पोरगं शिकल्यालं हाय माझं," एवढंच म्हणाली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं हो मला. मग संताप आला. त्या पेजवर चांगल्या कोल्हापुरी शिव्या लिहायच्या ठरवून कमेंट उघडल्या. म्हटलं, असल्या थापेवर टाळ्या पिटणारी गाढवं तरी कोण, बघूया.

सगळ्यात वर होतं, 'अभिनंदन साहेब! करून दाखवलं!'

शेजारी गॉगल घातलेला माझा फोटो.