ऐंशीला गाडी उठवणारा अजिनाथ

अजिनाथनं पहिल्यांदा माणसाचं डोकं फोडलं तव्हा तो सतरा वर्षांचा होता, अन् त्याबद्दल त्यानं मार खाल्ला तो समोरच्याकडून नाही, सख्ख्या बापाकडून.

वैजापूर तालुक्यातला माळ, चैताचं ऊन. एका दगडी हौदावर दोघांची मेंढरं एकाच वेळी आली. पलीकडच्या पोरानं आपली मधी घुसवली, अजिनाथनं काठी घातली. पोराचं रगत हौदाच्या पाण्यात सांडलं. आप्पा, म्हणजे अजिनाथचा बाप, लांबून पळत आला. त्यानं पोटच्या पोराची गचांडी धरली, शंभर पावलं माळावर फरफटत नेला, अन् तिथं त्याच काठीनं असा सोलला की पाठीची सालटी निघाली.

"डोस्कं फोडलंस म्हणून मारत नाय," आप्पा म्हणला, "हौदावर फोडलंस म्हणून मारतो."

त्या घरात रिवाजच तसा. पाणवठ्यावर काठी उचलायची नाही. भांडायचं तर माळावर जायचं, मग हाडं मोडा नाहीतर एकमेकाला मातीत गाडा. दुसरा रिवाज असा, की मागं रांग असली तर कोणत्याच मेंढरानं पोट तट्ट फुगेस्तोवर प्यायचं नाही. तहान मोडली की उठवायचं.

पुढं आप्पा मेला, मेंढरं विकली, अजिनाथ मजुरीला लागला. चाळिशीत त्याला काम मिळालं ते विजेच्या गाड्यांच्या चार्जिंग स्टेशनवर. छत्रपती संभाजीनगरातून वैजापूरकडं जाताना लासूरच्या अलीकडं एक हाटेल आहे. त्याच्या बाजूला एका कंपनीनं तारेचं कुंपण घालून दोन मशीनं बसवली होती. काम राखणीचं.

पहिल्याच महिन्यात भर दुपारी एकजण केबल कापायला आला. आत तांबं असतं, त्याचं गिऱ्हाईक कुठंही मिळतं. अजिनाथनं त्याला कुंपणाच्या आत धरलं अन् एकही फटका न मारता, नुसती मिठी मारून फाटकाबाहेर आणला. बाहेर आल्यावर त्याचा गुडघा दगडावर ठेवला अन् वरून दुसरा दगड हाणला. हाड मोडल्याचा आवाज हाटेलातल्या आचाऱ्यानं ऐकला. त्यानं दोन दिवस भट्टी पेटवली नाही.

तव्हापासून केबलीला कुणी हात लावला नाही. खरी कटकट होती रांगेची. गाडी ऐंशी टक्क्यांपर्यंत पाऊण तासात भरते, अन् उरलेल्या विसाला पुन्हा तेवढाच वेळ खाते. वरचं वरचं सावकाश भरतं. अजिनाथला हे कुणी शिकवावं लागलं नाही. मागं गाडी उभी असली की तो ऐंशीला येऊन काचेवर टकटक करायचा.

"उठा पाव्हणं. तहान मोडली."

संघपाल नावाचा एक टॅक्सीवाला होता, नाशिक ते संभाजीनगर गाडी मारायचा. तो म्हणायचा, "अजिनाथ भाऊ, आम्ही काय मेंढरं हाव का?"

"मेंढरं बरी. उठवलं की उठत्यात."

मग एक दिवस शहरातल्या हापिसातून करुणा मॅडम आल्या. जिल्ह्यात कुठं मशीन बसवायचं, कुठलं काढायचं, कुठं मोठं करायचं हे नकाशावर ठरवणं त्यांचं काम. त्या म्हणल्या, "इथली दोन्ही मशीनं उचलून हर्सूलकडं न्यायचा विचार आहे. तिकडं ट्रान्सफॉर्मर मोठा आहे, वस्ती आहे."

"वस्तीतली गाडी घरी पिती, मॅडम. नाशिककडून आलेली गाडी दमती ती इथं. हौद गाव दिसतं तिथं बांधत नसत्यात, जित्राब दमतं तिथं बांधत्यात."

बाई हसली नाही. फटफटीवरून ऊन खात आली होती, पण ऐकून घेतलं. म्हणली, "दहा दिवस मोजू. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. दहा दिवसांत दोनशे गाड्या लागल्या तर इथंच नवं मोठं मशीन बसवू, वीस मिनिटांत गाडी भरणारं. नाय लागल्या तर हे उचलू."

"अन् मी?"

"मशीन असंल तिथं माणूस."

अजिनाथला हर्सूलला कोण नेतंय? तिकडं त्यांची माणसं होती. मशीन गेलं की पुन्हा परक्याच्या रानात कांदा काढायला जायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

नऊ दिवस त्यानं गाड्या अशा उठवल्या की लोकांनी त्याच्या आईबहिणीचा उद्धार केला. एकानं तोंडावर थुंकलं, एकानं गाडी पायावरून नेली, अंगठ्याचं नख उपटून निघालं. त्यानं चिंधी गुंडाळली. दहाव्या दिवशी साडेचारला चार गाड्या कमी होत्या. दीड तास, दोन मशीनं, चार गाड्या. रांगेत चौघं उभे होते, पुढं संघपाल, गाडीत सहा टक्के.

एका मशीनला शिवराजची गाडी लागलेली. शिवराज म्हणजे रस्त्याकडंच्या जमिनीचे प्लॉट पाडून विकणारा गडी, गाडी पांढरी, दणकट. ऐंशी होऊन गेलं. अजिनाथनं मशीनचं लाल बटन दाबलं, वीज थांबली. पण गाडीत खोचलेली गन, म्हणजे केबलीचं टोक, निघंना. त्या गाड्यांचं तसंच असतं, चावीनं गाडी उघडल्याबिगर गन सुटत नाही. अन् शिवराज गाडीला कुलूप लावून हाटेलात मटण खात बसलेला, संगं दोन दांडगे.

अजिनाथ टेबलापाशी गेला. "सायब, गाडी काढा. मागं चौघं हायत."

"शंभर झाली?"

"ऐंशी झाली."

"मंग? बाप लागतो का तू मला कव्हा उठायचं ते सांगायला?"

"चावी द्या नुसती. मी काढून बाजूला लावतो."

शिवराजनं हातातलं नळीचं हाडूक त्याच्या तोंडावर फेकून मारलं. "मशीन कामून बंद केलं रे? चल दाव."

तिघं त्याला ढकलत कुंपणाच्या आत घेऊन आले. पहिल्या थोबाडीत ओठ फाटला. दुसऱ्यानं पोटात लाथ घातली, अजिनाथ दोन मशीनांच्या मधी गुडघ्यावर बसला. तिसऱ्यानं रांगेतल्या एका उघड्या गाडीतून टायर खोलायचा पाना काढला अन् डाव्या डोळ्यावर हाणला. डोळा फुटला. पाणी अन् रगत एकदमच गालावरून वाहिलं. अजिनाथनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

संघपाल मधी पडला तर त्याला एकानं बोनेटवर आपटलं. तो तिथून वरडला, "अरे मार की भाऊ! हात काय गहाण ठेवले का?"

"हितं नाय," अजिनाथ म्हणला. दोन दात शब्दांसंगं बाहेर पडले.

तो रांगत फाटकाकडं निघाला. शिवराजला वाटलं, भेलं. तो हसत, शिव्या देत, मागून ढुंगणावर लाथा घालत चालला. फाटकाची लोखंडी पट्टी ओलांडली, अजिनाथ डांबराच्या कडंला आला अन् उठला.

पुढं जे झालं ते मिनिटभराचं. आधी पानेवाला. अजिनाथनं त्याचं मनगट धरून कोपर उलटं केलं, ओल्या फाट्यासारखा आवाज आला. पाना खाली पडायच्या आत झेलला अन् दुसऱ्याच्या नडगीवर घातला, तो बसला तो बसलाच. शिवराज पळाया लागला तव्हा त्याची कॉलर धरून त्याला मैलाच्या दगडावर आपटला. एकदा. पुन्हा एकदा. नाकाचं हाड आत गेलं. मग उजवा हात दगडावर धरला अन् पान्यानं बोटं ठेचली, एकेक, मोजून, कोयता लावून कणसं खुडावी तशी. खिशातली चावी घेतली.

फुटका डोळा हातानं दाबून तो आत आला. चावी दाबली, गन सुटली. शिवराजची गाडी त्यानं स्वतःच काढून बाजूला लावली. मग संघपालकडं बघून म्हणला, "लाव की. का बघत बसला?"

संघपालनं केबल ओढली. गन तिसऱ्या खेपेला बसली. दोनशेवी गाडी सहाला दहा कमी असताना लागली. तोवर पोलिसांची जीप फाटकाशी येऊन उभी होती, अन् अजिनाथनं ती लागल्याबिगर जीपमधी पाय ठेवला नाही.

ठाण्यात फौजदारानं विचारलं, "बोटं कुणी ठेचली?"

"मीच. पर फाटकाच्या बाहेर."

"कायद्यात आत-बाहेर नसतं लेका."

"आमच्यात असतं, सायब."

कुंपणावरच्या कॅमेऱ्यात फक्त आतलं दिसत होतं. तिघं मारतायत, एकजण मार खातोय. रांगेतल्या चौघांना विचारलं तर चौघंबी त्या टायमाला मोबाइल बघत होते. तरी कबुली ती कबुली. गुन्हे दोन्हीकडून दाखल झाले. आधी दवाखाना, मग हर्सूलचा तुरुंग, दोन महिने. तिथंच डोळ्याची खाच पिकली, तिथंच बसली. मग जामीन झाला.

तोवर मोठं मशीन आलं होतं. करुणा मॅडमनी शब्द पाळला. फक्त कंपनीनं वरून कळवलं, नव्या मशीनला राखण्या लागत नाही, सगळं मोबाइलवर होतं. अन् गुन्हा असलेला माणूस तर नाहीच नाही.

तीन आठवडे अजिनाथ कांद्याच्या रानात होता. चौथ्या आठवड्यात मॅडम त्याच्या दारात आल्या. गेल्या रविवारी रांगेत मारामारी झाली होती. नव्वदच्या पुढं गेली तरी एकानं गाडी काढली नाही म्हणून दुसऱ्यानं मशीनची काच फोडली, तिसऱ्याच्या बरगडीत चाकू गेला. मोबाइलवर सगळ्यांना सूचना गेली होती, कुणी वाचली नाही.

"मी साहेबांशी भांडून आले," त्या म्हणल्या. "उद्यापासून येणार का?"

अजिनाथची बायको मनकर्णाबाई भाकरी थापत होती. ती हात न थांबवता म्हणली, "एक डोळा नेलाय, दुसरा न्यायला आली का बाई? जा की, शिवराजलाच ठेवा राखणीला. डावा हात हाय की त्याला अजून."



अजिनाथनं विचारलं, "रविवारी रांग किती लागती?"

"अकरा-बारा."

"वीस मिनिटाचं मशीन अन् बारा गाड्या?" तो उठला अन् खुंटीवरचा सदरा काढला. "उद्या कामून? रविवार आजच हाय."

मनकर्णाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "खाऊन जा मुडद्या," ती म्हणली, "उपाशी मार खाणार का?"