स्कीला लावलेलं खोबरेल

"मस्कतमध्ये राहून स्कीइंग? वाळूवर करतेस की काय?" हा विनोद पुढच्या वेळी कुणी केला, तर स्कीची काठी त्याच्या डोक्यात घालीन. अल मवालेहच्या भाजीबाजारात वसईचं कुणीही भेटलं, की कांद्याची पिशवी खाली ठेवून हेच. अहो, दुबईत छताखाली बर्फाचा उतार आहे. मी शाळेत असल्यापासून डॅडी सुट्टीच्या दिवशी मला तिथे नेतात, पहाटे निघून, बॉर्डरवर रांग लावून. मी शर्यतीत उतरते. रोवलेल्या खांबांमधून वळत वळत खाली यायचं, एक खांब हुकला की बाद. यात हसण्यासारखं काय आहे?

शर्यतीच्या आदल्या दिवशी मी कुणाशी बोलत नाही. डोळे मिटून हात हलवत सगळा उतार मनातल्या मनात उतरते. इथे डावीकडे, इथे लवकर वाक, इथे घाबरू नकोस. मम्मी म्हणते, "हिच्या अंगात आलंय का गं बाई?" बुटांनी नडग्या सोलून निघतात. वर उभं राहिलं की भीती वाटतेच, पण त्या भीतीचा मी राग करून टाकते. रागावले की पाय बरोबर पडतात.

गेल्या वर्षीची शर्यत निवडीची होती. निवडलेल्यांना युरोपात खऱ्या डोंगरावर सरावाला नेणार होते. खरा बर्फाचा डोंगर मी आजवर पाहिलेला नाही. स्की सरसर घसराव्यात म्हणून त्यांच्या तळाला मी स्वतः मेण लावलं, इस्त्रीने वितळवून, खरवडून, ब्रश मारून. स्की हॉलमध्ये टेकवल्या आणि पहाटे निघण्याआधी आंघोळीला गेले.

तेवढ्यात मम्मीला स्कीच्या पोलादी कडेवर गंजाचा ठिपका दिसला. आमच्याकडे समुद्राची हवा, लोखंड टिकत नाही. तिचा वसईहून आणलेला कोयता नारळ फोडून झाला की पुसून, खोबरेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला जातो. झालं! तिने नुसती कड नाही, अख्खा तळ चोपडला आणि स्की कव्हरात घालून ठेवल्या. उकाड्यात पातळ झालेलं तेल दिसतंय कुणाला?

दुबईत बर्फावर स्की ठेवल्या, तर पुढे सरकेचनात. उलट्या केल्या. तळाला पांढरा थर, त्याला बर्फ चिकटलेला. नखाने खरवडून वास घेतला. खोबरेल! प्लास्टिकच्या पट्टीने घासत होते तोवर माझा नंबर पुकारला. वरचा चढा भाग कसाबसा उतरले, सपाटीवर स्की अडल्या, तोल गेला, खांब हुकला. बाद. खलास.

गाडीत डॅडी म्हणाले, "जाऊ दे गं, तिने मुद्दाम केलंय का?" मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं, धड भांडता तरी आलं असतं.

मी तरीही भांडले. घरात शिरल्या शिरल्या ओरडले, "स्की म्हणजे कोयता वाटला का तुला? काही कळतं का तुला?"

मम्मी सुरमई कापत होती. सुरी खाली ठेवली आणि माझ्यावर आवाज चढवला. "नाही कळत! कसं कळणार? बर्फ मी फक्त फ्रीजमध्ये बघितलाय. इतकी वर्षं दोघं जाता, मागची सीट पाडून त्या पट्ट्या झोपवता. मी कुठे बसू, डिकीत? कधी म्हणालीस, मम्मी चल?"

डॅडी गुपचूप बाल्कनीत गेले. मी खोलीत जाऊन दार आपटलं. निवड हुकली ती हुकलीच. कुणी खोबरेलाची बाटली उघडली तरी अजून माझं डोकं फिरतं.

पुढच्या सुट्टीला डॅडींनी टपावर कॅरिअर बसवून घेतला. मम्मी मागच्या सीटवर बसून आली. उताराच्या पायथ्याशी भाड्याच्या कोटात कुडकुडत उभी राहिली. मी खाली आले, स्की काढल्या. तिने हातमोजा काढून उघडा तळवा स्कीच्या तळावरून फिरवला आणि चटकन मागे घेतला.

"अगं, इथे तर खोबरेल थिजणारच," ती म्हणाली. "मला आधीच इथे आणलं असतंस, तर मी ते लावलं असतं का?"