बहिणीच्या नावाचं सर्टिफिकेट

नववीत मी आपटले, वर्ष वाया गेलं, म्हणून खेळाच्या वयोगटात बसेना. जिल्ह्याच्या खो-खो स्पर्धेला आठ दिवस उरले होते. आमच्या कुहीकडच्या शाळेत धड पळणारी मी एकटी, बाकी सगळी खोगीरभरती. खेळाच्या सरांनी यादीत माझ्या जागी धाकट्या बहिणीचं नाव टाकलं. म्हणाले, “नाव कोनाचं का असेना, पाय तं तुयेच हायेत ना वं?” तेव्हा गावोगावच्या संघांत असंच चालायचं. अंतिम सामन्यात मी शेवटपर्यंत बाद झाले नाही. सर्टिफिकेट आलं ते बहिणीच्या नावाचं. बाबांनी ते फ्रेम करून भिंतीवर लावलं, आल्यागेल्याला दाखवायचे. नावाचं कोणालाच काही वाटलं नाही, मलाही नाही. अकलेचे कांदे सगळे.

मॅट्रिकला मार्क जेमतेम पडले. नागपूरच्या कॉलेजात खेळाडूंसाठी राखीव असलेली एकच जागा उरली होती. ती मिळाली तर शिकणं, नाहीतर मौद्याचं स्थळ ठरल्यातच जमा होतं. बाबांनी सर्टिफिकेट फ्रेममधून काढून पिशवीत घातलं नि आम्ही पहिल्या एसटीने निघालो. रांगेत फॉर्म भरताना नावाच्या रकान्यावर माझा हात थांबला, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. बाबांना दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला, पण रांग काही सोडली नाही. कारकून कुठं नावं वाचत बसतो, म्हणाले.

कारकुनाने वाचलं. दोन्ही कागद त्याने शेजारी बसलेल्या खेळाच्या बाईंकडे सरकवले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या.

“जिल्ह्याच्या सामन्यात खांबाला गिरक्या घेत सगळ्यांना दमवलं, ती तूच ना?”

हो म्हटलं तर बाईंनी कदाचित सांभाळून घेतलं असतं. पण नाव बदलल्याचं उघड होऊन सरांची नोकरी गेली असती. नाही म्हटलं तर माझं कॉलेज गेलं. मी खरं सांगणार होते. सरांचं काय व्हायचं ते होवो. तोंड उघडलंही होतं, पण बाबा आधी बोलले.

“ते हिची धाकटी बहीन होती, बाई. दोघी दिसतेत सारख्या. ही तं कधी मैदानात गेलीच नाही.”

मला इतका संताप आला की मी त्यांचा हात झटकला. बाईंनी कागद परत केले. धाकटीला पाठवा पुढच्या वर्षी, म्हणाल्या, तिची जागा पक्की.

धाकटी खरंच गेली. मैदान तिने आजवर लांबूनच पाहिलेलं. मी तोवर मौद्याला, सासरी. पोळ्याला माहेरी आले तेव्हा तिला विचारलं, बाईंनी पळायला लावलं असेल ना, मग काय केलंस? ती माझ्याकडे बघेना.

“सांगून टाकलं वं ताई, मधात पाय मोडला म्हून.”

बाई फार हळहळल्या म्हणे. असे पाय पुन्हा मिळत नाहीत, म्हणाल्या.