नंदाची पिवळी ओढणी

मला सल्ले द्यायची भारी खोड. पुण्यात तीस वर्षं बालवाडीत शिकवलं. पहिल्या दिवशी रडणाऱ्या पोराला खेळणं दाखवायचं आणि आईला मागच्या दारानं पळवायचं, हे माझं हुकमी तंत्र. आता मुलाकडे दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरात राहते. पण तोंड काही रिटायर झालं नाही.

समोरच्या दारात नंदा. यवतमाळची, इथं केंद्राच्या एका मंत्रालयात नोकरीला. हसली की जिन्यापर्यंत ऐकू यायचं. पहिल्याच दिवशी ठेच्याची वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, जपून खा, मागाहून मला बोल लावू नका." त्या दिवसापासून घरचीच झाली.

तिची मयुरा आठ वर्षांची. उन्हाळ्याची सुट्टी संपली आणि पोरीचं शाळेत जाणंच थांबलं. गेट दिसलं की हात गार, श्वास लागायचा, उलटी व्हायची. एकच धोशा, "आई, तू परत आली नाहीस तर?" असं झालं तरी काय होतं? मी खोदून खोदून विचारलं. काही म्हणजे काही नाही. नंदाचा नवरा वाल्मीक म्हणाला, लाड जास्त झाले. खोटं कशाला बोलू, मीही तेच म्हणाले. नंदानं आमचं दोघांचं ऐकलं नाही. मुलांच्या मनाच्या डॉक्टरांकडे गेली, केतकी मॅडमकडे. त्या म्हणाल्या, "ती नाटक करत नाही. तिला खरंच तेवढी भीती वाटते. थोडं थोडं लांब जा. पण न सांगता कधीच जाऊ नका."

नंदानं लांब रजा काढली आणि शाळेत खुर्ची टाकून बसली. आधी वर्गातच, मग दाराबाहेर, मग व्हरांड्याच्या टोकाला. खुर्ची हलवायच्या आदल्या दिवशी विचारायची, "उद्या दहा पावलं?" मयुरा विचार करून म्हणायची, "आठ." आठ तर आठ. डिसेंबरात खुर्ची गेटबाहेर कडुनिंबाखाली पोचली. धुक्यातही खिडकीतून दिसावं म्हणून नंदानं भडक पिवळी ओढणी घेतली. थंडीची ती डोक्या-कानांना गुंडाळून बसायची. मयुरा खिडकीतून एक हात वर करायची, नंदा दोन्ही. एक दिवस पोरगी अख्खा तास खिडकीकडे न बघता बसली. त्या संध्याकाळी नंदानं शिरा केला. वाटी माझ्या हातात देताना तिला रडू आवरेना.

पुढच्याच आठवड्यात मी तिला थर्मासमधून चहा घेऊन गेले, तर ती फोनवर. संसदेचं अधिवेशन चालू होतं. कुठल्याशा प्रश्नाचं उत्तर अडलं होतं, फाइल हिलाच माहीत, साहेब म्हणाले दोन तास या. "मयुराला वर्गात जाऊन सांगते, मग निघते," नंदा म्हणाली.

"वेडी आहेस का?" मी म्हटलं. "सांगितलंस की ती उलटी करणार. पाच महिन्यांची मेहनत पाण्यात. आण ती ओढणी इकडे, मी बसते. एवढ्या लांबून काय कळतंय तिला!"

ती नको नको म्हणत होती. फोन पुन्हा वाजला. शेवटी तिनं स्वतःच्या हातानं ओढणी माझ्या डोक्याला गुंडाळली. मी म्हटलं, "जा गं, मी आहे ना!"

थोड्या वेळानं खिडकीत छोटासा हात वर झाला. मी दोन्ही हात वर केले, अगदी नंदासारखे. आणि मला, मेलीला, गंमत वाटली.

मधल्या सुट्टीत मयुरा पळत आली. पाच महिन्यांत पहिल्यांदा अख्खं मैदान एकटीनं ओलांडून आली होती. हातात वही, वहीत बाईंनी दिलेला स्टार. "आई, बघ ना!" मला तोंड लपवायचंही सुचलं नाही.

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, ओढणीकडे बघितलं. म्हणाली, "तुम्ही हात केला होता." मग गेटचे गज धरून खाली बसली आणि तिला श्वासच घेता येईना. गार्ड ओरडत होता, "अम्मा जी, बच्ची को संभालो!" मी जवळ जायला लागले की ती आणखी आकसायची. नंदा यायला पाऊण तास लागला.

नंदा मला एका शब्दानं बोलली नाही. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट म्हणाली, "काकू, गुंडाळली तर मीच ना."

मयुरा आता शाळेत जात नाही. नंदा ओट्याशी उभी असली तरी मागून येऊन तिची हनुवटी धरते, तोंड आपल्याकडे वळवून बघते. दिवसातून कितीतरी वेळा. केतकी मॅडम म्हणाल्या, पुन्हा पहिल्यापासून. खुर्ची आता घरातच आहे, मयुराच्या पलंगाला लागून.

मी त्यांच्याकडे गेले की बेल वाजवत नाही. बाहेरूनच मोठ्यानं सांगते, "मयुरा, मी उत्तरा आजी. मी आई नाही."

काल तिनं आतून विचारलं, "मग आई कुठंय?"

मला वाटलं, नंदा बाहेर गेली असेल. तेवढ्यात आतूनच नंदाचा आवाज आला, "इथंच आहे गं पिल्लू, तुझ्या शेजारी. हात लावून बघ."